सीएनए परीक्षा (अमेरिका): प्रात्यक्षिकाची तयारी कशी करावी?

रानजाई
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटचा, म्हणजे सीएनएचा कोर्स नुकताच संपला. नर्सिंग होममधली (इथे म्हणजे वृद्ध-आजारी माणसं राहतात ती जागा) क्लिनिकल्सही, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सरावही झाला. आता राज्याची परीक्षा द्यायची आहे. एच-४ वर (जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणारा व्हिसा) आहे, पण वर्क परमिट हातात आहे, त्यामुळे पास झाले की लगेच कामाला लागायचा विचार आहे. भारतात असताना बँकेत होते, दवाखान्याशी कधी संबंध आला नव्हता.

लेखीचं एवढं वाटत नाही. धास्ती आहे ती प्रात्यक्षिकाची. यादीत वीसेक कौशल्यं आहेत, त्यातली कुठली येणार ते आयत्या वेळी कळतं आणि परीक्षक शेजारी उभ्या राहून एकेक पायरी तपासतात. वर्गात सगळं जमतं, पण घरी मोठ्याने म्हणून बघितलं की मध्येच काहीतरी गळतं. सराव नेमका कसा करायचा? परीक्षेत किती बोलायचं? इंग्रजी येतं, पण भरभर बोलताना अडखळते, त्याचे गुण कापतात का? ज्यांनी परीक्षा दिली आहे किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सोनटक्का
रानजाई, कोर्स पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. मी बरीच वर्षं नर्सिंग होममध्ये सीएनए आहे. नव्या मुली आमच्याच हाताखाली तयार होतात, तेव्हा जे रोज दिसतं तेच लिहिते.

आधी एक दिलासा. लेखी आणि प्रात्यक्षिक स्वतंत्र धरतात. एक सुटलं आणि एक राहिलं तर राहिलेलं तेवढंच पुन्हा द्यायचं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार राज्याला निदान तीन संधी द्याव्याच लागतात. म्हणून पहिल्या खेपेला जिवाचा आटापिटा करू नका.

तुमच्या राज्यात क्रेडेन्शिया या कंपनीची परीक्षा असेल तर पाच कौशल्यं येतात आणि पाचही पास व्हावी लागतात. त्यात हात धुणं ठरलेलंच. एक मोजमापाचं असतं: नाडी, श्वास, रक्तदाब, वजन किंवा लघवीचं माप यांपैकी काहीतरी. उरलेली तीन कुठलीही. मोजमापात तुमचा आकडा परीक्षकांच्या आकड्याच्या किती जवळ हवा हे ठरलेलं आहे. नाडीत ४ ठोक्यांचा फरक चालतो, श्वासात २ चा, हाताने घेतलेल्या रक्तदाबात ८ चा, वजनात २ पौंडांचा आणि लघवीत २५ मिलिलिटरचा. नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची सवय वर्गात कुणी लावली असेल तर ती आत्ताच मोडा.

आता सरावाचं. वीस कौशल्यं वीस वेगळे धडे म्हणून पाठ करू नका, डोकं फिरेल. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट जवळजवळ सारखाच असतो. दारावर टकटक, नाव सांगणं, समोरच्या व्यक्तीला नावाने हाक मारणं, काय करणार ते सांगणं, पडदा ओढणं. शेवटी कॉल लाइट (मदतीला बोलावायचं बटण) हाताशी ठेवणं, पलंग खाली घेणं, पडदा उघडणं, हात धुणं. हे एकदा अंगात मुरलं की प्रत्येक कौशल्यात फक्त मधला भाग लक्षात ठेवावा लागतो. बहुतेक मुलींचं गळतं ते शेवटच्या टोकाला. मोजून झालं, लिहून झालं, हुश्श वाटलं आणि कॉल लाइट तिथेच लोंबकळत राहिला.

निळी_शाई
तुमच्या राज्याच्या नर्स एड (सीएनएचंच दुसरं नाव) रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर कँडिडेट हँडबुक फुकट मिळतं. त्यात प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या जशाच्या तशा दिलेल्या असतात आणि ज्या चुकल्या की अख्खं कौशल्य नापास होतं त्या ठळक अक्षरांत असतात. छापून घ्या. यूट्यूबवरचे व्हिडिओ त्यानंतर बघा, कारण ते कुठल्या राज्याचे आणि कुठल्या कंपनीच्या परीक्षेचे आहेत ते बरेचदा सांगत नाहीत. प्रोमेट्रिक या दुसऱ्या कंपनीची परीक्षा असेल तर मांडणी थोडी निराळी असते. तिथे ‘इनडायरेक्ट केअर’, म्हणजे रुग्णाशी वागणं, सुरक्षितता, आदर, यांचेही गुण स्वतंत्र धरतात.

रानजाई
सोनटक्काताई, खूप आभार. सुरुवात-शेवट वेगळे काढून पाठ करायचं डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका. श्वास मोजताना रुग्णाला सांगायचं नाही असं आम्हाला शिकवलं, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. हँडबुकमध्ये मात्र आधी समजावून सांगायची पायरी आहे. परीक्षेत काय करू? आणि दर वेळी खरोखर हात धुवायचे का, की नुसतं सांगायचं?

आर्द्रा
मी आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे आणि सीएनएच्या वर्गांना शिकवते. दोन्हींची उत्तरं देते.

श्वासाचं तुम्हाला शिकवलं ते बरोबरच आहे. पण परीक्षेत सांगायचं, हँडबुकमध्ये ‘परीक्षेपुरतं’ असं स्पष्ट लिहिलं आहे. हात पहिल्यांदा खरे धुवायचे. फेस आल्यावर निदान २० सेकंद चोळायचे, बोटं खाली, कोपर वर. नळ बंद करायचा तो कोरड्या कागदी टॉवेलने, आणि धुतलेला हात सिंकला लागू द्यायचा नाही. एकदा परीक्षकांनी ते पाहिलं की पुढच्या कौशल्यांत ‘आता मी हात धुतले असते’ एवढं सांगितलं तरी चालतं. ही सूट फक्त हात धुण्याला. बाकी सगळं करून दाखवावं लागतं. ‘मी व्हीलचेअरचे ब्रेक लावले असते’ म्हणून भागत नाही, ब्रेक लागलेले दिसले पाहिजेत.

दुसरं, चूक झाली तर घाबरू नका. तिथेच थांबून सांगायचं की ही पायरी मला सुधारायची आहे, आणि पुन्हा करायची. पुढचं कौशल्य सुरू केलं की मात्र मागे जाता येत नाही. म्हणून प्रत्येक कौशल्य झाल्यावर एक श्वास घ्या, खोलीवर नजर फिरवा, मगच ‘झालं’ म्हणा.

इंग्रजीचे गुण नसतात. उच्चार, व्याकरण कोणी तपासत नाही. रुग्णाकडे तोंड करून, सावकाश, त्याला कळेल असं बोललात की झालं. उलट भरभर बोलणाऱ्यांना मी वर्गात थांबवते, कारण ऐंशी वर्षांच्या माणसाला कमी ऐकू येतं.

पण रानजाई, मला तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे, कारण आपल्याकडून आलेल्या मुलींना अडते ती बहुतेक वेळा हीच. आपल्या घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याला काही करू द्यायचं नाही, घास भरवायचा, तोंड पुसायचं, ‘तुम्ही नुसते पडून राहा’ म्हणायचं, ही सेवा. मनापासून केलेली, खरी सेवा. या परीक्षेला मात्र नेमकं उलटं हवं असतं. रेसिडेंटला (नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या माणसाला) जे जमतं ते त्याला करू द्या. कपडे बदलायच्या कौशल्यात पहिल्यांदा विचारायचं असतं की कुठला शर्ट घालायचा. जेवण भरवताना ताटात काय काय आहे ते सांगायचं, आधी काय खायचं ते विचारायचं, समोर खुर्चीत बसून भरवायचं, दोन-तीन घासांनंतर पाणी किंवा पेय पुढे करायचं. उभं राहून भराभर भरवणारी मुलगी कितीही प्रेमळ असली तरी गुण जातात. पडून खायला घातलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून आधी ७५ ते ९० अंशांत बसवायचं. ती पायरी ठळक अक्षरांतली आहे.

हे कुठून आलं ते माहीत असलं तर पायऱ्या लक्षात राहणं सोपं जातं. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या अवस्थेवर मोठा अहवाल दिला. त्यानंतर १९८७ मध्ये ऑब्रा कायदा झाला. नर्स एडला निदान ७५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, राज्याची रजिस्ट्री आणि नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांचे हक्क हे सगळं त्याच कायद्यातून आलं. प्रशिक्षण आणि हक्क एकाच कायद्यात बांधलेले आहेत, त्यामुळे परीक्षेतही ते सुटे करता येत नाहीत. पडदा ओढणं, नावाने हाक मारणं, आधी विचारणं या शिष्टाचाराच्या गोष्टी नव्हेत, तो त्या माणसाचा कायदेशीर हक्क आहे.

चौकट
सगळ्यांचं बरोबर असेल, पण माझं मत थोडं वेगळं. ड्युटीवर एकेका सीएनएकडे दहा-बारा रेसिडेंट असतात. तिथे कोण प्रत्येकाला कुठला शर्ट म्हणून विचारत बसतं? परीक्षा वेगळी, काम वेगळं. पायऱ्या घोका, पास व्हा, बाकी काम शिकवतं. उगाच नव्या माणसाला तत्त्वज्ञान कशाला?

सोनटक्का
चौकट, माणसं कमी असतात हे अगदी खरं आहे आणि त्याचा राग मलाही येतो. पण घोकण्याने काम होतं हे मला मान्य नाही. डिमेन्शिया असलेल्या माणसाला न सांगता मागून हात लावलात तर तो दचकतो, कधी हात उगारतो. मग त्याच अंघोळीला दुप्पट वेळ आणि दोन माणसं लागतात. समोर येऊन, नाव घेऊन, काय करणार ते एका वाक्यात सांगितलं तर तोच माणूस हात पुढे करतो. पडदा ओढायला असा किती वेळ लागतो? घाईच्या दिवशी वाचवायला माझ्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत, ही नाही.

आणि जिला कारण कळतं ती पायरी विसरत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचे कपडे बघा. घालताना आधी कमजोर हात, काढताना आधी धड हात. नुसतं घोकलं तर परीक्षेत नक्की उलटं होतं. एकदा स्वतःचा एक हात लुळा धरून शर्ट घालून बघा, पुन्हा कधी चुकणार नाही.

आर्द्रा
शर्टचं उदाहरण अगदी नेमकं. तशीच आणखी काही सांगते, वर्गात हीच जास्त चुकतात.

चेहरा पुसताना डोळे आधी, साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे आणि प्रत्येक वेळी फडक्याचा नवा कोपरा. एका डोळ्याचा जंतुसंसर्ग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. पाणी आधी तुम्ही तपासायचं आणि मग रुग्णालाही विचारायचं, कारण त्वचा त्याची आहे.

कवळी धुताना सिंकमध्ये फडकं अंथरायचं किंवा थोडं पाणी घ्यायचं. कवळी हातातून निसटली आणि फुटली तर नवी होईपर्यंत त्या माणसाचं जेवण बंद. पाणी कोमट, कारण गरम पाण्याने ती वाकडी होते.

पलंगावरून व्हीलचेअरवर बसवताना उठवण्याच्या आधी चाकं लॉक. पायात न घसरणारे जोडे. कमरेला ट्रान्सफर बेल्ट (उठवताना धरायचा पट्टा), पण आत बोटं जातील इतपत सैल. पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडलेल्या. मग ‘तीन म्हटलं की उठायचं’ असं ठरवून उठवायचं. रुग्णाला आधी बसवून ठेवून चक्कर येते का ते विचारायला विसरू नका.

सांध्यांचे व्यायाम प्रत्येकी तीनदा, सांध्याला खालून आधार देऊन, सावकाश. दुखतंय म्हणाला की थांबायचं. ‘थोडं सहन करा’ म्हणणारी मुलगी तिथल्या तिथे नापास होते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

वाटसरू
हा धागा शांतपणे वाचतोय, मीही याच वाटेवर आहे. पुरुष उमेदवारांचं काय? स्त्रियांच्या गुप्तांगाची स्वच्छता आणि कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची निगा) ही कौशल्यं यादीत आहेत. परीक्षेत दुसरा उमेदवारच रुग्ण होतो असं ऐकलं. मग हे कसं करतात?

आर्द्रा
वाटसरू, बहुतेक कौशल्यांत दुसरा उमेदवार रुग्ण होतो हे खरं, पण ही दोन मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) होतात. पुरुषांनाही तीच कौशल्यं, तेच निकष. मॅनिकिनशीही माणसाशी बोलावं तसंच बोलायचं आणि जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा करायचा. बाकी अंग झाकलेलं. पुसायचं नेहमी पुढून मागे, प्रत्येक वेळी फडक्याचा स्वच्छ भाग. कॅथेटर असेल तर शरीराजवळ नळी धरून ठेवायची, ओढ बसू द्यायची नाही, आणि शरीरापासून बाहेरच्या दिशेने निदान चार इंच पुसायची. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली.

प्रत्यक्ष कामात एखाद्या आजींनी पुरुष नको म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. मनाला लावून न घेता चार्ज नर्सला (त्या शिफ्टच्या प्रमुख नर्सला) सांगायचं. पण हेही ध्यानात ठेवा की नर्सिंग होममध्ये तुमच्यासारख्यांची फार गरज असते. अनेक आजोबांना पुरुषानेच अंघोळ घातलेली बरी वाटते.

रानजाई
किती मनापासून लिहिताय सगळे! सोनटक्काताई, लुळा हात धरून शर्टचा प्रयोग केला, डोक्यात पक्कं बसलं.

आता थोडं लेखीबद्दल. सराव चाचण्यांत माझे बरेच प्रश्न एकाच जागी जातात. चारातले दोन पर्याय बरोबरच वाटतात. उदाहरणार्थ, रेसिडेंट अंघोळीला नाही म्हणाली तर काय कराल? किंवा एखादी व्यक्ती जमिनीवर पडलेली दिसली तर? आणि औंस-मिलिलिटरचं गणित.

सोनटक्का
बँकेत होतात ना, गणित तुम्हाला काय अवघड! १ औंस म्हणजे ३० मिलिलिटर, एवढंच. ८ औंसांच्या ग्लासातलं अर्धं दूध प्यायलं तर ४ औंस, म्हणजे १२० मिलिलिटर. त्यावर ६ औंस सूप पूर्ण संपलं तर १८० आणखी, एकूण ३००. फसवतात ते दोन ठिकाणी. ग्लासात उरलेलं विचारलं आहे की प्यायलेलं, ते नीट वाचा. आणि आइस्क्रीम, जेलो हे पदार्थही द्रवातच धरायचे, कारण ते तोंडात वितळतात.

आर्द्रा
दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा स्वतःला विचारा की यातलं नर्स एडचं काम कोणतं. आपण निदान करत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर घेत नाही, आणि कुटुंबाला आजाराची बातमी सांगणंही आपलं काम नव्हे. हे पर्याय आधी खोडा. मग आधी सुरक्षितता, नंतर नर्सला कळवणं, हा क्रम.

पडलेल्या व्यक्तीला उचलायचं नाही. तिच्याजवळ थांबायचं, नर्सला हाक मारायची, नर्सने तपासल्यावरच हलवायचं. अंघोळीला नाही म्हणणारीचा नकार ऐकायचा, कारण विचारायचं, दुसरी वेळ सुचवायची आणि नर्सला सांगायचं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून करावीच लागेल’ हा पर्याय कितीही ठाम वाटला तरी चूक. मारहाण किंवा दुर्लक्ष झाल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब कळवायचं, खात्री करत बसायचं नाही. हक्कांच्या प्रश्नांत ‘ओम्बड्समन’ हा शब्द येतो, म्हणजे रेसिडेंटच्या बाजूने तक्रार ऐकणारी व्यक्ती. आगीच्या प्रश्नात आधी माणसाला बाहेर काढायचं, मग धोक्याची सूचना, मग दारं बंद करणं.

क्रेडेन्शियाच्या लेखीत ७० प्रश्न आणि दोन तास. त्यातले १० प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी आजमावून बघायचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही. तेव्हा एखादा अगदीच अनोळखी प्रश्न दिसला तर त्यावर अडून बसू नका. वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जात असेल तर तोंडी परीक्षेचा पर्याय आहे. हेडफोनवर प्रश्न ऐकवतात. मात्र त्यात शब्द वाचून ओळखायचे १० प्रश्न असतात.

निळी_शाई
फीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून घाईत लिहितो. कोर्स सुरू करताना तुम्ही एखाद्या नर्सिंग होममध्ये कामाला असाल किंवा त्यांनी नोकरी देऊ केली असेल, तर कोर्सचे आणि परीक्षेचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत. स्वतः भरले असतील आणि कोर्स संपल्यापासून १२ महिन्यांत मेडिकेअर-मेडिकेडच्या (सरकारी आरोग्य विमा योजनांच्या) नर्सिंग होममध्ये लागलात, तर ते परत मिळण्याची तरतूद आहे. पावत्या जपून ठेवा आणि मुलाखतीतच विचारा. हा केंद्राचा नियम आहे, पण राज्यानुसार पद्धत वेगळी.

आणखी एक. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिथले तास आधी बघा. केंद्राचे किमान तास ७५ असले तरी न्यूयॉर्कमध्ये १०० लागतात, कॅलिफोर्नियात १६०. आणि सीएनए झाल्यावर सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा परीक्षा, किंवा पुन्हा प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते.

चौकट
माझ्या आधीच्या प्रतिसादावर विचार केला. गर्दीच्या शिफ्टमध्ये सगळं जमत नाही हे मत कायम आहे, पण ते रेसिडेंटचं नव्हे, माणसं कमी ठेवणाऱ्या व्यवस्थेचं देणं आहे. परीक्षा कठीण हवी, हे मान्य.

रानजाई, एक व्यावहारिक सूचना. सरावाला घरातलं कुणीतरी रुग्ण म्हणून घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या हातात हँडबुक द्या. त्यांनी मध्ये बोलायचं नाही, फक्त खुणा करायच्या. चुकलं की लगेच टोकलं जात असेल तर तुम्हाला स्वतः थांबून सुधारायची सवयच लागत नाही.

रानजाई
हे छान सुचवलंत. सासूबाई रुग्ण व्हायला एका पायावर तयार आहेत, आणि मुलगी हँडबुक घेऊन बसेल. तारीख आज घेते. त्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

सोनटक्का
दोन ओळखपत्रं, त्यातलं एक फोटोचं, आणि नोंदणीत जे नाव दिलं आहे तेच त्यावर हवं. आपल्याकडे लग्नाआधीचं-नंतरचं नाव, मधलं नाव यांत गोंधळ असतो, तो आत्ताच तपासा. स्क्रब्ज (दवाखान्यात घालतात तो सैल गणवेश), बंद आणि न घसरणारे बूट, केस बांधलेले, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या. स्मार्टवॉच बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि फोनवर तर नाडी मोजता येणारच नाही. तुम्ही दुसऱ्या उमेदवाराच्या रुग्ण व्हाल, तेव्हा बाह्या सहज वर सरकतील असा टॉप घाला. आणि मध्ये तिला काही सुचवू नका, त्याने दोघींची परीक्षा अडचणीत येते.

वाटसरू
रानजाई, परीक्षा झाली की इथे नक्की लिहा. माझं क्लिनिकल पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. आर्द्राताई, मी तुमच्या पानावरच्या विचारपुशीत निरोप लिहिला आहे, रक्तदाबाचा पहिला आवाज मला अजून नीट ऐकू येत नाही.

आर्द्रा
वाटसरू, विचारपूस वाचली. इथेच लिहिते, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल. स्टेथोस्कोपचे कानातले टोक नाकाच्या दिशेने वळलेले हवेत, बहुतेकांचे उलटे असतात. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या अंगाला बोटांनी नाडी शोधा आणि चकती बरोबर तिथे ठेवा. दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या (कफच्या) आत चकती खुपसू नका. हात हृदयाच्या पातळीवर, तळवा वर. हवा अगदी सावकाश सोडा, सेकंदाला दोन-तीन आकडे काटा खाली येईल इतपत. भरभर सोडली तर पहिला आवाज निघून जातो. टीव्ही, पंखा बंद करून सराव करा, आणि घरातल्या बारीक हातावर आधी करा, तिथे आवाज लवकर सापडतो.